फेरफार : चावडीवरची नोटीस आणि यंत्राची नोंद

शेतजमीन एका हातून दुसऱ्या हातीं गेली, म्हणजे सरकारी दप्तरांत नांव पालटावें लागतें. या पालटास फेरफार म्हणतात. तो अधिकाऱ्याच्या मंजुरीनें व्हावा, कीं दस्त होतांच आपोआप उतरावा, हा प्रश्न जालना जिल्ह्यांतील शेतकरी-कुटुंबांच्या दारीं केव्हां ना केव्हां येतोच.

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामी अंमलांत होता. १३५८ फसलीच्या कायद्यानें हैदराबाद संस्थानांत हक्कनोंदणीची व्यवस्था आली. पुढें १९५४ चें खासरा पाहणी पत्रक झालें. जुन्या हक्कांचा वाद निघाला, कीं मराठवाड्यांत आजहि तेंच उघडलें जातें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १ मे १९८१ रोजीं जालना स्वतंत्र जिल्हा झाला.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणें तलाठ्यानें नोंद घ्यावी, तिची प्रत चावडीवर लावावी, हितसंबंधीयांस नोटीस द्यावी, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहींत घ्यावी. आणि मग अधिकाऱ्यानें ती प्रमाणित करावी. हा विलंब अनेकांस जाचक वाटतो. परंतु वडिलांच्या पश्चात् भावांनीं बहिणीचें नांव गाळलें, तर तिला तें वेळींच कळण्याचें साधन ही नोटीसच होय. कारण कलम १५७ अन्वयें प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरीच मानली जाते.

आतां 'ई-फेरफार' प्रणालींत दुय्यम निबंधकाकडील दस्ताची माहिती संगणकानेंच तलाठी-दप्तरीं पोंचते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. नकलेंतील चुका व खेपा यांमुळें कमी होतात. तथापि प्रमाणनाचा अधिकार माणसाकडेच राहिला आहे.

अमेरिकेंतील नाइट कॅपिटल कंपनीचा अनुभव येथें बोलका आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजीं, आठ यंत्रांपैकीं एकावर नवी आज्ञावली चढवावयाची राहून गेली होती. दुसऱ्या कोणी तें काम तपासलेंहि नव्हतें. पाऊण तासांत ४४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बुडाली. म्हणजे जें केवळ नकलेचें काम, तें माणसाच्या हातीं ठेवण्यांत धोका होता. आणि जें तपासण्याचें, तें कोणाच्याच हातीं नव्हतें.

तेव्हां निवड यंत्र कीं अधिकारी अशी नाहीं. जें वाहून न्यावयाचें, तें यंत्रानें न्यावें. जेथें गैरहजर माणसाचा हक्क बुडूं शकतो, तेथें त्यास विचारल्यावांचून नोंद होऊं नये. मात्र न वाचतां केलेली सही ही मंजुरी नव्हे. तशी सही होणार असेल, तर बहिणीच्या दृष्टीनें यंत्र आणि अधिकारी यांत फरक तो काय?