मराठी रिसोर्स फाईलचे रूपांतर : कर्जत-खालापूरच्या नावांची कसोटी

सॉफ्टवेअरच्या पडद्यावर दिसणारी वाक्ये, बटणांवरील शब्द आणि सूचना मूळ प्रोग्रॅममध्ये न लिहिता वेगळ्या फाईलमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. या फाईलला रिसोर्स फाईल म्हणतात. भाषा बदलावयाची झाल्यास केवळ ही फाईल बदलावी लागते. मात्र प्रत्येक प्रणालीत तिचे स्वरूप निराळे असते. लिनक्सवरील अनेक सॉफ्टवेअरचे भाषांतर 'पीओ' फाईलमध्ये होते, तर जावाला 'प्रॉपर्टीज' फाईल लागते. एकातून दुसरीत जाण्यासाठी ग्नू प्रकल्पाच्या 'गेटटेक्स्ट' संचातील 'एमएसजीकॅट' हे मोफत साधन उपयोगी पडते. ते कमांड लाईनवर, म्हणजे आज्ञा टंकून चालवावे लागते.

समजा, रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांचे वाहतूक वेळापत्रक मराठीत आणावयाचे आहे. पीओ फाईलमध्ये इंग्रजी नाव आणि त्याखाली मराठी नाव अशा जोड्या असतील : कर्जत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. खालापूर हे तालुक्याचे ठिकाण असले तरी तेथे रेल्वे स्थानक नाही. ते एसटीच्या यादीत येईल. एमएसजीकॅटला 'प्रॉपर्टीज-आऊटपुट' हा पर्याय आणि पीओ फाईलचे नाव दिले की नवी फाईल तयार होते. उलट दिशेने यायचे असल्यास 'प्रॉपर्टीज-इनपुट' हा पर्याय आहे.

नवी फाईल उघडल्यावर नवखा माणूस दचकतो. तीत एकही देवनागरी अक्षर दिसत नाही. प्रत्येक अक्षराच्या व चिन्हाच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक असतो, 'क'चा ०९१५. 'कर्जत' या शब्दात क, र, हलन्त, ज आणि त अशी ५ चिन्हे असून प्रत्येकासाठी ६ रोमन अक्षरे-अंक खर्ची पडतात, म्हणजे एकूण ३०. 'खालापूर'साठी ४२. ही मोडतोड नव्हे. जावाला हे लेखन वाचता येते. २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ पासून प्रॉपर्टीज फाईल थेट यूटीएफ-८ मध्येही चालते, आणि हेच काम करणारे जावाचे 'नेटिव्ह-टू-अस्की' हे साधन त्याच आवृत्तीत काढून टाकण्यात आले. खरी मोडतोड होते ती यूटीएफ-८ फाईल जुन्या जावाला दिल्यावर. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाईटचे असल्याने 'कर्जत'ची १५ अगम्य चिन्हे होतात.

याहून अवघड पेच कर्जतच्या नावातच आहे. रायगडप्रमाणे अहिल्यानगर जिल्ह्यातही कर्जत आहे. राज्यव्यापी यादीत दोन्ही गावे वेगळी दाखवायची, तर पीओ फाईलमध्ये प्रत्येक नावाला जिल्ह्याचा संदर्भ जोडता येतो. परंतु प्रॉपर्टीज स्वरूपात संदर्भाला जागाच नाही, आणि एमएसजीकॅट तसे सांगून रूपांतर नाकारते. हा नकार उपकारकच म्हणावा; मुकाट्याने एक कर्जत गाळले गेले असते, तर चूक प्रवाशाला स्थानकात कळली असती. उपाय असा, की मूळ नावाच्या जागी 'कर्जत-रायगड' अशा अर्थाची स्वतंत्र खूण आरंभापासूनच वापरावी. '१ गाडी' आणि '५ गाड्या' अशा एकवचन-अनेकवचनाच्या नोंदींनाही हाच नकार मिळतो. तेथे 'एमएसजीएफएमटी' या साधनाच्या 'जावा' पर्यायाने प्रॉपर्टीज फाईलऐवजी जावाचा क्लास तयार करून घ्यावा.

एमएसजीएफएमटीच्या 'चेक' पर्यायाने आणखी एक तपासणी होते. वाक्यात गावाच्या नावासाठी ठेवलेली मोकळी जागा भाषांतरात गळली असल्यास, आणि नोंदीवर तशी खूण केलेली असल्यास, ते चूक दाखवते. मराठीची विभक्ती मात्र त्याला कळत नाही. मोकळ्या जागेपुढे 'हून' जोडल्यास 'कर्जतहून', 'खोपोलीहून' बरोबर उतरते. त्याच वाक्यात ठाणे आले की पडद्यावर 'ठाणेहून' उमटते. 'ठाण्याहून' हवे असल्यास वाक्यरचनाच 'सुटण्याचे ठिकाण : ठाणे' अशी बदलावी लागते.

रूपांतरानंतरही मूळ पीओ फाईल जपून ठेवावी. तिच्यापासून बनणाऱ्या 'एमओ' फाईलमधून 'एमएसजीअनएफएमटी'ने मजकूर परत मिळतो. भाषांतरकाराने लिहिलेले शेरे मिळत नाहीत.