समुद्रापारची अवजड मालवाहतूक आणि कोल्हापूर : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

सागरी व्यापाराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने जहाज, बंदर आणि व्यापारी कंपनी या तीन घटकांकडे जाते. मसाले, कापड, नीळ, कापूस अशा पोत्यांत व गाठोड्यांत मावणाऱ्या मालाच्या बाबतीत ही दृष्टी पुरेशी ठरते. परंतु तोफ, रेल्वे इंजिन, गिरणीचे यंत्र किंवा बाष्पक यांसारखी वस्तू सुटी करून एका बैलाच्या पाठीवर लादता येत नाही. अशा वस्तूचा प्रवास बंदरात संपत नाही. उलट तिचा खरा कठीण प्रवास तेथून सुरू होतो.

या दृष्टीने कोल्हापूरचे स्थान अभ्यासनीय आहे. सरळ रेषेत पाहिले तर कोकणचा किनारा येथून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. राजापूर, खारेपाटण, मालवण, वेंगुर्ले ही या प्रदेशाची परंपरागत बंदरे होत. तथापि बंदर आणि बाजारपेठ यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. समुद्रापारच्या अवजड वस्तू कोल्हापूर परिसरात कोणत्या मार्गाने आल्या, त्यांच्या वाटेत कोणते अडथळे होते आणि त्या अडथळ्यांचा येथील उद्योगजीवनावर कोणता परिणाम झाला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. सागरी व्यापारातील सर्वांत मोठा भार जमिनीवर पेलावा लागतो, हे येथे मांडावयाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पन्हाळ्यासमोरची उखळी तोफ

इ. स. १६६० च्या मार्चमध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळगडास वेढा घातला. छत्रपती शिवाजी महाराज त्या वेळी गडावर होते. राजापूर येथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती आणि हेन्री रेव्हिंग्टन हा तिचा प्रमुख होता. एप्रिल १६६० मध्ये तो आपल्या काही सहकाऱ्यांसह उखळी तोफ आणि कुलपी गोळे घेऊन सिद्दीच्या छावणीत दाखल झाला. इंग्रजांनी आपले निशाण लावून गडावर गोळे टाकले. वेढ्याचा शेवट मात्र त्या गोळ्यांनी झाला नाही. जुलै १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावरून निसटून विशाळगडास पोहोचले.

लढाईच्या इतिहासात हा प्रसंग सर्वपरिचित आहे. वाहतुकीच्या इतिहासात त्याचा वेगळा विचार करावयास हवा. समुद्रमार्गे आलेली युद्धसामग्री बंदरातून घाट चढून थेट पन्हाळ्याच्या पायथ्याशी नेण्यात आली आणि तिच्याबरोबर ती चालविणारी माणसेही आली. अवजड यंत्र आणि त्याचे ज्ञान ही जोडी प्रारंभापासूनच अशी एकत्र प्रवास करीत आली आहे. वस्तू विकत घेणारा जोपर्यंत ते ज्ञान आत्मसात करीत नाही, तोपर्यंत तो विकणाऱ्यावर अवलंबून राहतो.

महाराजांनी या घटनेचा जो अर्थ लावला तो अधिक महत्त्वाचा आहे. व्यापारी म्हणून आलेल्या कंपनीने शत्रूस तोफ पोहोचविली, म्हणजे तिने तटस्थता सोडली, असा तो अर्थ होता. १६६१ मध्ये राजापूरवर स्वारी झाली, वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टनसह काही इंग्रज कैद झाले. त्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. राजापूरच्या नुकसानभरपाईचा प्रश्न १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हाही वाटाघाटीत होता. पुढे जंजिऱ्याच्या मोहिमेसाठी महाराजांनी इंग्रजांकडे तोफांची मागणी केली, तेव्हा कंपनीने टाळाटाळीचे धोरण ठेवले. माल पोहोचविणारा हा केवळ हमाल नसतो, त्याच्या कृतीस राजकीय जबाबदारी असते, हे तत्त्व या प्रकरणातून स्पष्ट होते.

घाटवाटा आणि भाराची मर्यादा

अणुस्कुरा, फोंडा, आंबा, भुईबावडा या वाटांनी कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई आणि देशावरून गूळ, धान्य, तंबाखू खाली जाई. ही ने-आण दीर्घकाळ लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून होती. एका बैलाच्या पाठीवर साधारणपणे शंभर ते सव्वाशे किलो ओझे लादले जाई. माल कितीही असला तरी त्याचे तेवढ्या वजनाचे भाग पाडता आले पाहिजेत, ही या व्यापाराची अलिखित अट होती. धान्य, मीठ आणि गूळ ही अट पाळीत. यंत्राचे ओतीव चाक किंवा लोखंडी दंडगोल ती पाळू शकत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाटांतून गाडीरस्ते झाले आणि ही मर्यादा काहीशी सैल झाली. बैलगाडी बैलापेक्षा अधिक ओझे नेई, तसेच जादा जोड्या जुंपून चढण चढता येई. पण वळण, उतार, मोरी आणि पावसाळा हे चार अडथळे कायम राहिले. शिवाय कोकणातील बंदरे खाड्यांच्या मुखाशी असल्याने मोठी जहाजे दूर नांगर टाकीत आणि माल पडावांतून किनाऱ्यास येई. पडावास जे पेलत नाही आणि घाटास जे चढत नाही, ते कोल्हापुरास येत नाही, अशी ही स्थिती होती.

मुंबईची परिस्थितीही आरंभी फार वेगळी नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची सुरुवातीची इंजिने इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीने बनविली होती. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यामुळे ही इंजिने आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजांतून आली. त्या काळी मुंबईत मोठ्या जहाजांना धक्क्यास लावण्याची पुरेशी सोय नव्हती. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक १९१४ मध्ये सुरू झाला. या गोद्यांमुळे जहाजातील माल यारीने उचलून थेट धक्क्यावर ठेवता येऊ लागला. १९२० च्या दशकात नॉर्वेच्या क्रिस्टन स्मिथ यांनी पूर्ण जोडलेली रेल्वे इंजिने वाहून नेणारी खास जहाजे बांधली. समुद्रावरील प्रश्न असा क्रमाक्रमाने सुटत गेला. जमिनीवरील प्रश्न मात्र प्रत्येक प्रदेशाला आपापल्या भूगोलाप्रमाणे सोडवावा लागला. १८६३ मध्ये पूर्ण झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गासाठी हजारो मजुरांनी प्राण गमावले, ही त्या उत्तराची किंमत होती.

रेल्वे आणि गेजची अडचण

कोल्हापूर-मिरज रेल्वेचे काम १८८८ मध्ये सुरू झाले आणि १८९१ मध्ये मार्ग खुला झाला. हा मार्ग कोल्हापूर संस्थानच्या खर्चाने बांधला गेला व सदर्न मराठा रेल्वेकडे चालविण्यास देण्यात आला. राजर्षी शाहू महाराज त्या वेळी अल्पवयीन होते. त्यांना राज्याधिकार १८९४ मध्ये प्राप्त झाले. पुढे १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त ते इंग्लंडला गेले. याच समारंभास जाताना जयपूरचे महाराज माधोसिंह यांनी गंगाजलाने भरलेली चांदीची प्रचंड पात्रे ‘ऑलिंपिया’ जहाजातून नेली. प्रत्येक पात्राचे रिकामे वजन सुमारे ३४५ किलो आणि धारणक्षमता सुमारे ४,००० लिटर होती. भरलेले पात्र चार टनांहून जड होई. एका संस्थानिकाने आपला आचार राखण्यासाठी एवढा भार समुद्रापार नेला. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत मात्र अवजड सामग्रीचा ओघ उलट दिशेने, यंत्रांच्या रूपाने, कोल्हापूरकडे वळला. १९०६ मध्ये कापडगिरणीची पायाभरणी झाली आणि त्यानंतर राधानगरी धरणाचे काम हाती घेण्यात आले. रेल्वे नसती तर अशा उपक्रमांना लागणारी सामग्री येथवर आणणे अत्यंत दुष्कर झाले असते.

तरीही एक गंभीर उणीव राहिली. मुंबई-पुणे मार्ग ब्रॉडगेज होता, तर पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग मीटरगेज. मुंबईस उतरलेले यंत्र पुण्यास एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत चढवावे लागे. पोते एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकणे हमालांच्या हातचे काम असते. कित्येक टनांचा एकसंध नग हलविण्यास यारी, साखळदंड, ओंडके आणि अनुभवी मुकादम लागतो. प्रत्येक उचलीबरोबर खर्च, विलंब आणि मोडतोडीचा धोका वाढे. ही स्थिती १९७१ मध्ये कोल्हापूरपर्यंत ब्रॉडगेज येईपर्यंत, म्हणजे सुमारे ऐंशी वर्षे टिकली.

याला एक पर्याय उपलब्ध होता आणि त्याचा विचार फारसा झालेला नाही. पोर्तुगीज हद्दीतील मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकमार्गे लोंढ्याकडे येणारा रेल्वेमार्ग १८८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. तो मीटरगेज होता. म्हणजेच मुरगावच्या धक्क्यावर वाघिणीत चढविलेला नग लोंढा व मिरजमार्गे, गेज न बदलता, कोल्हापूरपर्यंत येऊ शकत होता. तांत्रिकदृष्ट्या मुरगाव हे कोल्हापूरचे अधिक स्वाभाविक बंदर होते. परंतु वाटेत दोन सत्तांची सीमा होती. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज करारामुळे जकातीचा अडसर दूर झाला होता, तो करार १८९२ मध्ये संपुष्टात आला. कोल्हापूरची रेल्वे सुरू झाल्यानंतर अवघ्या वर्षभरात हे घडले, हा योगायोग लक्षणीय आहे. पुढे १९५५ मध्ये गोव्याशी असलेला रेल्वे संपर्कच बंद झाला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण १९७१ मध्ये कोल्हापूर ब्रॉडगेजवर आल्याने मुरगावच्या मालासाठी गेजबदलाची अडचण मिरजेस येऊन ठेपली. लोंढा-मिरज आणि गोव्याकडील मार्गाचे रूपांतर १९९० च्या दशकात झाल्यावर ती दूर झाली. एका बाजूस लोहमार्गाची रुंदी आणि दुसऱ्या बाजूस राज्याची सीमा, यांच्या कात्रीत हा प्रदेश शंभर वर्षे सापडला होता.

जहाजाची मालकी

जमिनीवरील अडचणींबरोबर जहाजाच्या मालकीचा प्रश्नही होता. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन ठरला. ब्रिटिश कंपन्यांनी भाडेदर पाडून स्पर्धा केली आणि १९२३ च्या करारानुसार सिंदियाला दीर्घकाळ परदेशी मार्ग सोडून किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहावे लागले. परिणामी यंत्र परदेशी, ते आणणारे जहाज परदेशी आणि भाड्याचा दरही परदेशात ठरणारा, अशी अवस्था राहिली. यंत्राची किंमत खरेदीदारास वाटाघाटीने कमी करता येई. वाहतुकीच्या दरावर त्याचा काहीच अधिकार नसे.

अडचणीतून उभा राहिलेला उद्योग

परदेशी तेल इंजिन किंवा चरकाचा एखादा भाग मोडला, तर त्याच्या बदली भागासाठी समुद्रमार्ग, बंदर, जकात आणि गेजबदल ही सर्व साखळी पुन्हा पार करावी लागे. उसाचा हंगाम तोवर थांबत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर आयातच दुर्मिळ झाली. अशा परिस्थितीत भाग येथेच ओतून घेणे हाच व्यवहार्य मार्ग होता. कोल्हापूरच्या ओतकाम आणि यंत्रदुरुस्तीच्या परंपरेमागे हे एक कारण असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. म्हादबा मेस्त्री यांच्यासारख्या कारागिरांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. १९४० च्या दशकात आकारास आलेले शिवाजी उद्यमनगर आणि त्यानंतरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहती हा त्याचाच विस्तार होय. पन्हाळ्यासमोर तोफेबरोबर तिचे ज्ञान परकीयांच्या हाती राहिले होते. उद्यमनगरात ते ज्ञान स्थानिक कारागिरांच्या हाती आले.

तथापि या उद्योगाचे स्वरूपही भूगोलाने घडविले. कोल्हापूरच्या ओतशाळांतील माल आज परदेशी जातो, पण तो मुख्यतः कंटेनरमध्ये मावणाऱ्या भागांच्या रूपात जातो. महाकाय यंत्रसामग्रीचे कारखाने किनारा शोधतात. फ्रान्समधील ‘इटर’ प्रकल्पाचे ३,८०० टनांहून अधिक वजनाचे क्रायोस्टॅट हजिरा येथील समुद्रकाठच्या कारखान्यात ५४ भागांत घडविले गेले आणि जहाजाने रवाना झाले. याउलट महाराष्ट्रातून तिरुवनंतपुरमच्या अवकाश केंद्राकडे सुमारे ७० टनांचे एक यंत्र ७४ चाकांच्या वाहनावरून रस्त्याने नेण्यात आले, तेव्हा जुलै २०१९ ते जुलै २०२० असे जवळपास एक वर्ष लागले. वाटेत विजेच्या तारा बाजूला कराव्या लागल्या, झाडे तोडावी लागली. एवढ्या काळात जहाज पृथ्वीप्रदक्षिणा अनेकदा करू शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट, अंतर्गत प्रदेशाचे बंदरापासूनचे अंतर किलोमीटरमध्ये मोजणे अपुरे आहे. वाटेत ओझे किती वेळा उचलावे लागते, हेच अवजड मालाचे खरे अंतर होय. दुसरी गोष्ट, ही अडचण केवळ नैसर्गिक नाही. गेज, जकात, सीमा आणि जहाजाची मालकी या मनुष्यनिर्मित गोष्टींनी ती घाटाइतकीच, प्रसंगी घाटापेक्षाही अधिक वाढविली. तिसरी गोष्ट, याच अडचणीने स्थानिक कौशल्यास चालना दिली, पण त्याच वेळी त्याच्या वाढीस मर्यादाही घातली.

कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावत आहे. जयगडसारखी खोल पाण्याची बंदरे आता कोकणात आहेत. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गास २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजुरी मिळाली, पण त्या मार्गावर अद्याप गाडी धावलेली नाही. रेव्हिंग्टनची तोफ घाट चढून आली त्याला साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. कोल्हापूरचे यंत्र घाट उतरून थेट जवळच्या बंदरात जाईल, तेव्हा या इतिहासाचे राहिलेले वर्तुळ पूर्ण होईल.