सातबाऱ्यावरचा बोजा : जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा वारसा

विषय संगणकाचा आहे, पण मुरबाडमध्ये बोलतोय म्हणून सुरुवात सातबाऱ्यापासून करतो.

वडील गेले की वारस नोंद होते. जमीन मुलांच्या नावावर येते. पण तिच्यासोबत 'इतर हक्क' या रकान्यातला बोजाही येतो. सोसायटीचं कर्ज वडिलांनी काढलेलं असतं. मुलगा म्हणू शकत नाही की जमीन माझी आणि बोजा त्यांचा. आणि दुसरी गंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बेबाकी दाखला आणा, तलाठ्याकडे द्या, फेरफार होऊ द्या, मग तो कमी होतो. कर्ज कधीच फिटलंय आणि नोंद मात्र तशीच राहिली आहे, असे सातबारे आपल्या तालुक्यात कमी नाहीत.

आजचा प्रश्न असा की विंडोज, युनिक्स, मॅक या वय झालेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जुन्या काळाचा बोजा आहे का? माझं उत्तर सरळ आहे : आहे. पण तो एकाच जातीचा नाही, आणि सगळं भांडण त्यामुळेच होतं.

घरी गेल्यावर एक प्रयोग करा. विंडोजमध्ये नवा फोल्डर घ्या आणि त्याला 'कॉन' नाव द्या, इंग्रजीत सी, ओ, एन. होणार नाही. का? १९७० च्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम नावाची प्रणाली केली. तिच्यात 'कॉन' म्हणजे कन्सोल, म्हणजे कळफलक आणि पडदा. १९८१ साली आलेल्या डॉसने ही पद्धत उचलली. त्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर ही गोष्टच नव्हती. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. आता जुने प्रोग्राम 'कॉन' शोधणार, आणि ते कुठल्याही फोल्डरमध्ये असू शकतात. मग उपाय काय, तर हे नाव प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवा. ते आजतागायत राखीव आहे. हार्ड डिस्कला 'सी' का म्हणतात? 'ए' आणि 'बी' फ्लॉपीसाठी होते म्हणून. फ्लॉपी गेली, पण तिची जागा कोणी घेतली नाही. हा फिटलेल्या कर्जाचा बोजा. त्रास फारसा नाही, उतरवण्याची खटपटही कोणी करत नाही.

दुसरा प्रकार जिवंत कर्जाचा. विंडोज ९५ तयार होत होतं तेव्हा सिमसिटी नावाचा खेळ लोकप्रिय होता. त्या खेळात एक चूक होती. वापरून परत केलेली मेमरी तो पुन्हा वाचायचा. डॉसवर ती चूक खपून जायची, नव्या विंडोजवर खेळ बंद पडला असता. दोष खेळाचा. पण गिऱ्हाईक काय म्हणणार? "काल चालत होतं, आज तुमचं विंडोज घातलं आणि बंद पडलं." म्हणून विंडोजवाल्यांनी आपल्याच प्रणालीत सोय केली : सिमसिटी चालू असेल तर मेमरी जरा वेगळ्या रीतीने सांभाळायची. दुसऱ्याची चूक आपल्या पोटात घेतली. लिनक्समध्येही लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक आहे की गाभ्यात काहीही बदला, लोकांचे चालते प्रोग्राम मोडायचे नाहीत. म्हणजे ज्याला आपण ओझं म्हणतो, ते पुष्कळदा वापरणाऱ्याला दिलेलं वचन असतं.

तिसरा प्रकार व्याज चढणाऱ्या कर्जाचा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा हल्ला झाला. फायली कुलूपबंद करून खंडणी मागायची, असा तो प्रकार. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम विस्कळीत झालं. वाट कुठली सापडली, तर फायली वाटून घेण्याच्या १९८० च्या दशकातल्या पद्धतीची पहिली आवृत्ती, जी जुन्या यंत्रांशी जुळावं म्हणून अजून चालू ठेवली होती. लोकांनी खापर विंडोज एक्सपीवर फोडलं. प्रत्यक्षात बाधित यंत्रं बहुतेक विंडोज ७ ची होती. त्यांच्यासाठी दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच आली होती, पण ती कित्येकांनी बसवली नव्हती. म्हणजे जुनेपणाइतकाच निष्काळजीपणाही नडला.

मग कोणी म्हणेल, एकदाचा सातबारा कोरा करा ना! ॲपलने तो प्रयत्न केला. जुन्या मॅकच्या जागी कोपलँड नावाची नवी प्रणाली लिहायला घेतली आणि १९९६ साली ती सोडून द्यावी लागली. मग त्यांनी स्टीव्ह जॉब्जची नेक्स्ट कंपनी विकत घेतली, आणि २००१ साली मॅक ओएस टेन आलं. नवं कोरं? नाही. नेक्स्टचा पाया होता युनिक्सच्या घराण्यातला, आणि युनिक्स १९६९ चं. कोरा सातबारा म्हणून जो घेतला, त्याच्या मागे दुसऱ्या घराण्याचे जुने फेरफार होते. त्या घराण्याचाही बोजा आहे. युनिक्स वेळ मोजतं १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. हा आकडा ३२ बिटांत साठवणाऱ्या यंत्रांत तो १९ जानेवारी २०३८ रोजी मावेनासा होईल. दुरुस्ती चालू आहे, पण भिंतीत बसवलेली, कोणाच्या लक्षात नसलेली जुनी यंत्रं कोण शोधणार?

हे झालं जगाचं. आता आपलं.

२ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी तिथे माणसं जमतात. १९९७ साली मी या परिसरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून त्या काळाच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. कोणी रात्री भाकरी पोचवली, कोणाच्या घराची झडती झाली, असं सगळं. एका डीटीपी सेंटरमध्ये बसून ते टाइप करून घेतलं. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर, मी फाइल जपली. सांगणारी माणसं एकेक करून गेली. छापील प्रतीला वाळवी लागली. काही वर्षांपूर्वी फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला.

फाइल शाबूत होती, बरं का. एक अक्षर हललं नव्हतं. हरवला होता तो फाँट.

तेव्हा संगणकाला मराठी येत नव्हतं. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे, आणि कुठला तुकडा कुठल्या घरात हे ज्याचं त्याने ठरवायचं. आता 'सिद्धगड' हा शब्दच घ्या. त्या फाँटमध्ये आधी ऱ्हस्व वेलांटी, मग स, कारण टाइपरायटरवर तसं उमटायचं. आणि द्ध हे एकच चित्र. आजच्या युनिकोडमध्ये आधी स, मग वेलांटी. द्ध म्हणजे द, हलन्त आणि ध, असे तीन संकेत. म्हणून त्या फायलीत तुम्ही 'सिद्धगड' शोधलात, तर सिद्धगड सापडत नाही. गड जागच्या जागी उभा आहे आणि नकाशात नाही, अशी गत.

भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ सालचं. युनिकोडचा देवनागरी तक्ता त्याच्याच १९८८ च्या रूपावर बेतला. विंडोज २००० मध्ये मराठी युनिकोड आलं, सोबत र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फाँट. पण नंतरच्या एक्सपीमध्येही ही सोय मुद्दाम चालू करावी लागायची, आणि त्यासाठी विंडोजची सीडी लागायची. ती सीडी कोणाकडे असायची? म्हणून डीटीपीवाले जुन्याच फाँटवर राहिले. त्यांना दोष देऊ नका. त्यांचं काम चालत होतं.

आणि युनिकोडचा सातबारा तरी कुठे कोरा आहे? 'शेतकऱ्यांचे', 'सातबाऱ्यावर', या शब्दांतला आडवा र बघा. तो दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक, दक्षिणेकडच्या भाषांसाठी ठेवलेल्या नुक्त्याच्या र चा आधार घेऊन. दुसरी, साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून, जी युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी जुळावं म्हणून मान्य आहे. डोळ्यांना दोन्ही सारखे. शोधणाऱ्या यंत्राने काळजी घेतली नाही, तर एक सापडतो, दुसरा राहतो.

असं आपल्याकडे पहिल्यांदा झालेलं नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हा कागद दप्तरात होते, पण मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. मोडी शिकलेली माणसं मिळाली तरी. १९९७ चा फाँट शिकवणारी शाळा कुठे आहे?

माझी फाइल शेवटी वाचता आली. फाँटचं नाव एका जुन्या बिलावर सापडलं. रूपांतर करणारा प्रोग्राम मिळाला. जोडाक्षरं बिघडली होती, ती वाळवी लागलेली प्रत शेजारी ठेवून हाताने दुरुस्त केली. जिथे कागदही खाल्ला गेला होता, तिथे दोन नावं अजून लागत नाहीत. भाकरी पोचवणाऱ्या बाईंचं नाव त्यातलं एक आहे.

म्हणून जुन्याला सरसकट ओझं म्हणायच्या आधी विचारा : कर्ज जिवंत आहे, फिटलेलं आहे, की व्याज चढतंय? जिवंत असेल तर सांभाळा. फिटलेलं असेल तर सवडीने नोंद कमी करा. व्याज चढत असेल तर आजच फेडा.

श्रोत्यांतून प्रश्न : सर, आमच्या वाचनालयात एक्सपीचा जुना संगणक आहे. भंगारात द्यायचा का?

उत्तर : देऊ नका, इतक्यात तरी. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून नियमित दुरुस्त्या मिळत नाहीत, तेव्हा आधी त्याची इंटरनेटची वायर काढा. मग त्यातल्या मराठी फायली त्याच यंत्रावर उघडून बघा. वाचता येत असतील तर तो फाँट त्यातच आहे. फाँटचं नाव वहीत लिहा, पानं छापून घ्या, मग युनिकोडमध्ये करून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. नंतर काय ते भंगार. बेबाकी दाखला हातात आल्याशिवाय सोसायटीची पावती आपण फेकतो का?