एकोणचाळीस शिलिंगांचा निवाडा

बंद घराचं कुलूप तोडून कोणी दागिने नेले की दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, ‘रॉबरी झाली.’ थेफ्ट, रॉबरी, बर्गलरी हे शब्द हवे तसे अदलूनबदलून वापरले जातात. जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करताना हे मला फार खटकतं. इंग्लंडात या शब्दांमधल्या फरकावर माणसाचं जगणं-मरणं ठरत असे.

तिथल्या जुन्या कायद्यात साध्या चोरीला लार्सनी म्हणत. १२ पेन्सपर्यंतची किरकोळ, त्यावरची मोठी. मोठीला कागदोपत्री देहदंड होता, पण पहिल्या गुन्ह्याला बहुधा सवलत मिळे. पुढे संसदेने ही सवलत एकेका प्रकारातून काढून घेतली. १६९९मध्ये दुकानातून लपूनछपून ५ शिलिंगांचा माल उचलणाऱ्याची, १७१३मध्ये राहत्या घरातून ४० शिलिंगांचा ऐवज नेणाऱ्याची.

मग लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात ज्युरींनी वाट काढली. आरोपी दोषी, पण मालाची किंमत ३९ शिलिंग! एका शिलिंगाने माणूस वाचे. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने याला पुण्यबुद्धीने केलेला शपथभंग म्हटलं आहे. १८२७मध्ये ही मर्यादा ५ पौंड, म्हणजे १०० शिलिंगांवर गेली, तेव्हा निवाडेही ९९ शिलिंगांचे येऊ लागले. त्या ज्युरींबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

रॉबरीत मात्र ही वाट बंद होती. समोरच्याला मारून किंवा धाक घालून एक पेनी घेतली तरी ती रॉबरीच; किमतीचा प्रश्नच नाही. बर्गलरीचं सगळं रात्रीवर अवलंबून. गुन्ह्याच्या हेतूने राहतं घर फोडून आत शिरायचं आणि तेही अंधारात. रात्र कोणती? दिवसाच्या उजेडात माणसाचा चेहरा ओळखता येईनासा झाला की रात्र. चांदण्यात चेहरा दिसला तरी तो उजेड धरत नसत. १८३७च्या कायद्याने रात्री ९ ते सकाळी ६ अशी वेळच बांधून दिली. रात्रीची ही अट सुटायला १९६८चा थेफ्ट अ‍ॅक्ट यावा लागला.

भारतासाठी नेमलेल्या मेकॉले या इंग्रज प्रशासकाच्या कायदा आयोगाने १८३७मध्ये मसुदा केलेली भारतीय दंड संहिता १८६०मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२पासून लागू झाली. तिच्यात चोरी लहान की मोठी हे मालाच्या किमतीवर ठरत नव्हतं. बर्गलरी नावाचा गुन्हाही नव्हता. आपली घरफोडी होती आणि तिची रात्र सूर्यास्त ते सूर्योदय. आणखी एक गोष्ट मोजली गेली, ती म्हणजे माणसं. चौघांनी मिळून रॉबरी केली तर ती जबरी चोरी, पाच झाले की दरोडा. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, जबरी चोरीला दहापर्यंत, दरोड्याला जन्मठेपेपर्यंत.

कोर्टाच्या व्हरांड्यात एका आरोपीची आई मला म्हणाली, “वकीलसाहेब, माझा पोरगा नुसता गाडी चालू ठेवून उभा होता. त्यानं कुणाला हातसुद्धा लावला नाही.” तिला सांगणं फार जड गेलं, की जागेवर हजर राहून मदत करणाराही मोजला जातो. तो धरून पाच भरत होते.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलमांचे आकडे बदलले. चोरी ३०३, जबरी चोरी ३०९, दरोडा ३१०. सोनसाखळी हिसकावून पळणाऱ्यासाठी ३०४ हे नवं कलम आलं. पाचाचा हिशेब मात्र तोच आहे.

म्हणून पोलीस ठाण्यात फिर्याद द्याल तेव्हा ‘रॉबरी झाली’ एवढं सांगून थांबू नका. कुलूप तुटलं का, कोणी धमकावलं का, किती जण होते, किती वाजले होते, हे सगळं सांगा. लिहून झाल्यावर फिर्याद वाचून घ्या आणि मगच सही करा.