ओशिवरा नदी : अधिवास व मासे

ओशिवरा : मुंबई उपनगर जिल्ह्यातील आखूड नदी. लांबी सुमारे ७ किमी. गोरेगाव पूर्वेच्या आरे दूध वसाहतीतील टेकड्यांत उगम. गोरेगाव-जोगेश्वरीच्या मधून वाहत मालाडच्या खाडीत शेवट. डोंगरओढा, सपाटीची नदी व खाडी असे तीनही अधिवास एवढ्याशा अंतरात येतात.

उगमाकडचे ओढे पावसाळी. तळाशी खडक व गोटे, काठाला झाडी. सह्याद्रीलगतच्या अशा ओढ्यांत मळ्या खालच्या ओठामागील चूषकाने दगडाला चिकटून धार सोसतो आणि शेवाळ खरवडून खातो. संथ डोहांत दांडवणीचे थवे असतात. मरळीचा छोटा भाऊबंद डोक हवेतूनही श्वास घेतो, म्हणून ओढ्याचे डबके उरले तरी तग धरतो; त्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो. पहिल्या मोठ्या पावसात कोकणपट्टीतले अनेक मासे प्रवाहाविरुद्ध चढून उथळ पाण्यात, भातखाचरांत अंडी घालतात. हेच चढणीचे मासे. त्यांना वाट सलग लागते.

ओशिवऱ्याची वाट मधल्या टप्प्यात तुटते. तबेल्यांचे शेण व वस्त्यांचे सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्या पुरानंतर शहरातील नद्यांचे रुंदीकरण व काठाच्या भिंती यांना वेग आला. पाणी लवकर निघून जावे हा हेतू रास्त, पण गोटा, डोह, काठाची मुळे या माशाच्या गरजांना त्या आखणीत जागा नाही. नदीला सर्रास नाला म्हटले जाते, ते याच पट्ट्यामुळे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी शहरात सोडले जाणारे दक्षिण अमेरिकी गप्पी मात्र अशा पाण्यातही जगतात.

खाली भरतीचे खारे पाणी शिरते व तिवरे सुरू होतात. निवट्या ओलसर कातडीतूनही श्वास घेत चिखलावर उड्या मारतो. त्याचे कालवण आगरी-कोळी घरांत आवडीचे. तिवरांच्या मुळांत बोयींची पिल्ले व चिंबोऱ्या वाढतात. पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांतला जिताडा गोड्या पाण्यातही राहतो, पण विणीसाठी खाऱ्या पाण्याकडे उतरतो. तो आधी नर असतो, मोठेपणी मादी होतो. खाडीचे मुख वेसावे व मढ यांच्यामध्ये. तेथल्या कोळ्यांची डोल जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतात. त्यांत मुख्यतः बोंबील व जवळा मिळतो.