व्हॉलीबॉलचे मैदान आणि दहावीचा वर्ग

छत्रपती संभाजीनगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, पैठण तालुक्यातील पाचोड हे गाव मोसंबीच्या बाजारपेठेसाठी परिचित आहे. अशा गावातील माध्यमिक शाळेला व्हॉलीबॉल परवडतो. 18 मीटर लांब व 9 मीटर रुंद मैदान, दोन खांब, एक जाळी आणि दोन-तीन चेंडू एवढ्यावर बारा मुले एकाच वेळी खेळू शकतात. खरी ओढाताण होते ती वेळेची.

शालेय स्पर्धा 14, 17 व 19 वर्षांखालील गटांत होतात. दहावीचा विद्यार्थी साधारणतः 17 वर्षांखालील गटात मोडतो. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत्या क्रमाने या स्पर्धा पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत चालतात. सहामाही परीक्षा, मोसंबीच्या आंबे बहाराची तोडणी आणि कापसाची वेचणीही याच सुमारास येते. शेतकरी कुटुंबातील मुलाला मैदान, वर्ग आणि शेत या तिन्ही ठिकाणी एकदमच बोलावणे असते. शिवाय बोर्डाच्या परीक्षेसाठी 75 टक्के हजेरीची अट आहेच.

खेळ आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचा राज्य शासनाचा मोठा प्रयत्न म्हणजे 1996 मध्ये सुरू झालेली क्रीडा प्रबोधिनी. धावणे, उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता आदी चाचण्यांतून निवडलेल्या मुलांच्या निवासाची, आहाराची, शिक्षणाची आणि प्रशिक्षणाची सोय तेथे होते. मात्र निवासी व्यवस्थेत मोजक्याच मुलांना जागा मिळते. उरलेल्यांचे भवितव्य गावातील शाळेच्या वेळापत्रकावरच अवलंबून राहते.

हे वेळापत्रक दहावीत नव्हे, सहावीतच आखावे लागते. चेंडू हाताच्या पट्टीवर झेलणे, बोटांनी उचलून देणे, सर्व्हिस ही कौशल्ये बारा ते चौदा या वयात चांगली रुजतात. आठवीपर्यंत पाया पक्का झाला, तर दहावीत आठवड्यातून तीन दिवसांचा सरावही कौशल्य टिकवून ठेवतो. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात उड्यांचा अतिरेक झाल्यास गुडघे दुखू लागतात. त्यामुळे सराव कमी करणे नेहमीच तोट्याचे नसते. वाड्या-वस्त्यांवरून सायकलने वा एसटीने येणाऱ्या मुलांना पहाटेचा सराव जमत नाही. त्यांच्यासाठी शारीरिक शिक्षणाची तासिका दिवसाच्या अखेरीस घेऊन तिला जोडूनच सराव ठेवणे सोयीचे. चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूला तर घरच्या भिंतीवर वीस मिनिटांचा सरावही उपयोगी पडतो. स्पर्धेमुळे बुडालेले गणिताचे वा विज्ञानाचे धडे कोण, केव्हा भरून काढणार, हे मात्र संघ रवाना होण्यापूर्वीच ठरलेले असावे. बहुतेक ठिकाणी घोडे अडते ते इथेच. क्रीडाशिक्षक आणि विषयशिक्षक यांच्यात बोलणेच झालेले नसते.

दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना स्पर्धेच्या स्तरानुसार सवलतीचे गुण मिळतात. त्यांची कमाल मर्यादा 25 आहे. शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षणही आहे. या सवलतींमुळे काही पालकांची नजर खेळाऐवजी प्रमाणपत्रावरच खिळते, हा त्यातील दोष. तरीही ज्याने खरोखर घाम गाळला, त्याचा हक्क कागदाअभावी बुडू नये. सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे आणि तेथून मंडळाकडे जातो. प्रमाणपत्रावरील नाव व जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळते की नाही, हे स्पर्धा संपताच तपासून घ्यावे.