वेगाला वेसण: विमानाच्या पंखातील एका छोट्या पट्टीचा इतिहास

म्हैसूर शहरातील अग्रहार ही जुनी वस्ती. तिच्या दक्षिणेस मंडकळ्ळीचा छोटा विमानतळ आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवरच्या या धावपट्टीकडे उत्तरेकडून एक छोटे खासगी विमान 2,800 मीटर उंचीवरून, ताशी 300 किलोमीटर वेगाने येत आहे, अशी कल्पना करावी. सेकंदाला 5 मीटर या गतीने उतरल्यास 2,100 मीटर खाली येण्यास 7 मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात विमान 35 किलोमीटर पुढे गेलेले असते. म्हणजे श्रीरंगपट्टण दिसण्यापूर्वीच उतरण्यास प्रारंभ करावा लागेल. उतरण्याची गती दुप्पट करता आली, तर हेच अंतर साडेसतरा किलोमीटरवर येते.

मग नाक अधिक खाली का करू नये? कारण तसे केल्यास वेग वाढतो. वेग आवरण्यासाठी नाक वर घ्यावे, तर उंची घटत नाही. इंजिनाची शक्ती एकदम कमी करावी, तर तापलेले सिलिंडर झपाट्याने थंड होऊन त्यांना इजा पोहोचेल, अशी धास्ती अनेक वैमानिकांना वाटते. त्या इजेच्या प्रमाणाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. उंची आणि वेग ही दोन्ही ऊर्जेचीच रूपे आहेत. दोन्ही एकाच वेळी कमी करायची, तर ती ऊर्जा हवेला देऊन टाकावी लागते. पंखातून उभी राहणारी अरुंद पट्टी, म्हणजे स्पीडब्रेक, नेमके हेच काम करते. ती पंखावरचा सुरळीत प्रवाह मोडते. त्यामुळे उचल घटते आणि अवरोध वाढतो.

या पट्टीचा जन्म इंजिन असलेल्या विमानात झाला नाही, ही या इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे. 1930 च्या दशकात जर्मनीतील ग्लायडर-वैमानिक उंची मिळवण्यासाठी ढगांत शिरू लागले. ढगात क्षितिज दिसत नाही. विमान केव्हा सूर मारू लागले ते कळत नसे, वेग मर्यादेबाहेर जाई आणि लाकडी पंख मोडत. डार्मश्टाट येथील संशोधन संस्थेत हान्स याकोब्स यांनी पंखातून बाहेर येणारे असे एअरब्रेक विकसित केले, की ते उघडल्यावर उभ्या सुरातही वेग सुरक्षित मर्यादेत राहावा. त्यांच्या चाचण्या हाना राइच या महिला वैमानिकेने घेतल्या. पुढे शेम्प-हिर्थ या कारखान्याच्या नावाने ओळखली जाणारी रचना जगभर रूढ झाली. त्याच काळात या कल्पनेचे युद्धकालीन रूपही घडले: सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांच्या पंखांवर वेगरोधक बसले.

जर्मनीतील त्या दशकाशी एक मराठी नावही जोडलेले आहे. विष्णू माधव घाटगे यांनी गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली 1936 मध्ये डॉक्टरेट मिळवली. पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा, म्हणजे सीमास्तराचा, सिद्धांत 1904 मध्ये मांडणारे ते हेच प्रांटल. पंखावरचा प्रवाह कोठे चिकटून राहतो आणि कोठे सुटतो, हे त्या सिद्धांताशिवाय समजत नाही. डिसेंबर 1940 मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साह्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली. तेथे घाटगे यांनी दहा आसनी ग्लायडरचा आराखडा केला; 1941 मध्ये तो तयार झाला. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान 1964 मध्ये उडाले. त्याच्या पोटाखाली उघडणारा वेगरोधक होता.

स्वातंत्र्यानंतर पुण्यात हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र उभे राहिले आणि नागरी विमानवाहतूक खात्याने स्वदेशी ग्लायडर घडवले. त्यांची नावे नक्षत्रांवरून ठेवली गेली: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष. इंजिन नसलेल्या विमानाला चुकल्यास पुन्हा वर जाता येत नाही. म्हणून ग्लायडर-वैमानिक थोडा अधिक उंचीवरूनच धावपट्टीकडे येतो आणि एअरब्रेक कमी-अधिक उघडून नेमक्या जागी उतरतो. तेथे एअरब्रेक ही चैन नसून उतरण्याचे मुख्य साधन आहे.

इंजिनाच्या छोट्या खासगी विमानांत ही पट्टी बऱ्याच उशिरा आली. जुनी विमाने तारा, टेकू आणि उघडी चाके यांमुळे आपोआपच मंद होत. मूनीसारखी गुळगुळीत, वेगवान विमाने आल्यावर मात्र ती खाली आणणे अवघड ठरू लागले. तेव्हा अमेरिकेतील प्रिसाइज फ्लाइट या कंपनीने तयार विमानात नंतर बसवता येतील असे संच विकले. पंखात एक पेटी, तिच्यात पट्टी आणि ती उचलणारी यंत्रणा. आधी निर्वात दाबावर, पुढे विजेच्या मोटरीवर चालणारी.

देखभालीचा खरा प्रश्न येथे सुरू होतो. पट्ट्या दोन, पंख दोन. एक उघडली आणि दुसरी अडकली, तर विमान एका बाजूस कलू लागते. धूळ, घट्ट झालेले वंगण, पाणी किंवा बर्फ, झिजलेला क्लच, गंजलेली विद्युत जोडणी, निर्वात प्रणालीतील चिरलेली नळी यांतील कोणतेही कारण त्यास पुरेसे असते. म्हणून उड्डाणापूर्वी दोन्ही पट्ट्या जमिनीवर उघडून, डोळ्यांनी पाहून, पुन्हा मिटल्याची खात्री करतात. दुरुस्तीनंतर दोन्ही एकाच वेळी व सारख्याच उंचीपर्यंत उठतात का, हे तपासले जाते आणि परवानाधारक अभियंत्याच्या सहीनंतरच विमान उडते.

ग्लायडरमध्ये धोक्याचे रूप वेगळे असते. तेथे एअरब्रेक मिटल्यावर दांड्यांची जोडणी मध्यरेषेपलीकडे जाऊन घट्ट बसते. तेच त्याचे कुलूप. ही जुळणी सैल झाली किंवा वैमानिक कुलूप लावण्यास विसरला, तर पंखावरचे कमी दाबाचे क्षेत्र पट्टी वर ओढून घेते. ओढणाऱ्या विमानामागे उड्डाण घेताना असे झाले, की ग्लायडर उंची धरू शकत नाही. जगात अनेक अपघात याच कारणाने झाले आहेत.

मोठ्या विमानांनीही हा धडा महागात घेतला. 5 जुलै 1970 रोजी टोरंटोत एअर कॅनडाचे डीसी-8 विमान धावपट्टीच्या काही मीटर वर असताना पंखांवरचे स्पॉयलर चुकून उघडले गेले. विमान जोरात आदळले, पुन्हा वर गेले आणि कोसळले. त्यातील सर्व 109 जण मृत्यू पावले. त्या दिवशी स्पॉयलर बिघडले नव्हते. ते आपले काम चोख करत होते, फक्त क्षण चुकला होता.

इंजिन विमानाला वर नेते, म्हणून इतिहासात त्याचे कौतुक होते. पण प्रत्येक उड्डाणाला उतरावेच लागते. ते उतरणे सुखरूप व्हावे, हे प्रांटल यांच्या समीकरणांइतकेच विमानघरात दोन पट्ट्यांची उंची मोजणाऱ्या हातांवर अवलंबून असते.

#विज्ञानइतिहास #विमानविद्या